मांजर, पांजरपोळ आणि औषधदान



सोयाबीन घरात आलं आणि पोत्यांची थप्पी लागली, की आमच्या महागावात कुणा ना कुणाच्या गोदामात एखादी मांजर पिल्लं घालून बसलेली हमखास सापडते. मग आपल्या बायकांमध्ये तेच ते प्रश्न निघतात. श्राविकेनं मांजर पाळलेलं चालतं का? पाळलं तर त्याला खायला काय घालायचं? आणि डॉक्टर म्हणतात तसं ऑपरेशन करून घेतलं, तर ती हिंसा होत नाही का?

या प्रश्नांना कुणी म्हणतं "चालतं", कुणी म्हणतं "आपल्यात नाही चालत", आणि विषय तिथेच थांबतो. तोवर पिल्लांचे डोळे चिकटलेले असतात आणि मांजरीला जुलाब लागलेले असतात. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे प्रश्न कसे सोडवले, ते मी जमेल तसं वाचत गेले. त्यातून हाती लागलं ते आज लिहिते आहे. लेख थोडा लांब आहे. दुपारी निवांत वाचा.

शास्त्रात मांजराचं नाव कुठे येतं?

आधी अवघड भाग. आपल्या श्रावकाचारात मांजराचा उल्लेख आहे, आणि तो कौतुकाचा नाही.

बाराव्या शतकात गुजरातमध्ये आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्र' लिहिलं. श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे त्यात सांगितले आहेत. त्यांतला एक म्हणजे 'असतीपोषण'. त्यात पैशासाठी पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्यासोबत मांजर पाळणंही धरलं आहे. दिगंबर परंपरेतल्या 'कार्तिकेयानुप्रेक्षा' या प्राकृत ग्रंथात अनर्थदंडाचा एक प्रकार सांगताना शस्त्रं आणि लोखंड विकण्याच्या ओळीत मांजरासारखे प्राणी बाळगणं ठेवलं आहे. पाठशाळेत आपण 'हिंसादान' शिकतो, ते हेच. हिंसेचं साधन स्वतः बाळगू नये आणि दुसऱ्यालाही पुरवू नये.

हे वाचून एखादी म्हणेल, झालं तर मग, विषय मिटला. पण जरा थांबा. या यादीत मांजर शस्त्रांशेजारी का बसलं आहे? त्या काळी धान्य पेवात आणि कणगीत असायचं. उंदीर फार झाले की घरात मांजर आणायचं, ते उंदीर मारणार, आणि आपण आपले हात स्वच्छ म्हणून मोकळे. शास्त्रानं बोट ठेवलं ते या सोयीवर. मारण्यासाठी प्राणी ठेवला तर तो प्राणी आपलं शस्त्र झाला. हेमचंद्रांच्या यादीतही अट पैशाची आहे, कमाईसाठी पोसण्याची आहे.

आजारी, जखमी किंवा आई हरवलेलं मांजर दारात आलं तर काय करावं, याचं उत्तर या यादीत शोधून मिळायचं नाही. ते दानाच्या प्रकरणात आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकतो. मुनी-आर्यिकांना द्यायचं ते पात्रदान आणि कोणत्याही दुःखी जीवाला द्यायचं ते करुणादान. करुणादानात समोरच्या जीवाची जात, स्वभाव, त्याचं खाणं विचारलेलं नाही.

म्हणजे मांजर कामाला ठेवणं वेगळं आणि मांजराला आसरा देणं वेगळं. हा फरक मनात ठेवला की पुढचा इतिहास नीट कळतो.

पंख आणि कापूस

प्राण्यांबद्दलची काळजी आपल्या विदर्भात फार जुनी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक इथे एक प्राचीन ब्राह्मी शिलालेख सापडला. त्यात प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई करणारी आज्ञा आहे. सम्राट अशोकाच्या गिरनारच्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचं नोंदलेलं आहे. एक मारू नका सांगणारा, दुसरा औषध द्या सांगणारा. या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत, पण एकच नव्हेत. पुढे सबंध इतिहासभर त्यांची ताटातूट होत राहिली.

मांजरांचा स्पष्ट उल्लेख मिळतो तो सोळाव्या शतकात. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ साली भारतात आला. खंबायतबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे, की इथले लोक काहीही मारत नाहीत आणि लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी व पक्ष्यांसाठी इथे रुग्णालयं आहेत. परदेशी माणसाला ते नवल वाटलं.

त्यानंतर १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी त्याच खंबायतला आला. त्यानं पक्ष्यांचं रुग्णालय आत जाऊन पाहिलं. तिथे त्याला उंदराची काही अनाथ पिल्लं दिसली. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून, डबीत कापसात ठेवलेल्या त्या पिल्लांना पक्ष्याच्या पिसानं दूध पाजत होता.

मला ही नोंद फार मोलाची वाटते. एक म्हणजे, ज्यांच्याकडे लंगड्या मांजरांना जागा होती त्यांच्याकडे उंदराच्या पिल्लांनाही होती. उंदीर मारायला मांजर, असा तिथे हिशेबच नव्हता. दुसरं म्हणजे, त्या म्हाताऱ्याला काम येत होतं. पिल्लाला ऊब लागते म्हणून कापूस, आणि तोंड लहान म्हणून पीस. आज पशुवैद्य सांगतात तेच तो चारशे वर्षांपूर्वी करत होता. दया मनात असतेच, पण तिला हाताचं कौशल्य लागतं.

मुंबईचा दंगा आणि पांजरपोळ

आता १८३२ सालच्या मुंबईत येऊ. तिथे उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता आणि मारेकऱ्यांना कुत्र्यामागे पैसे मिळत. पैशासाठी ते घरांच्या आवारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जूनच्या सुरुवातीला पारशी मंडळी रस्त्यावर आली, हिंदू आणि जैनही सामील झाले, बाजार बंद पडला, फौज बोलवावी लागली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. त्यामागे जमशेटजी जीजीभाई हे पारशी आणि मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, हे जैन व्यापारी होते. खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालाच्या व्यवहारावर लाग बसवून घेतला. भुलेश्वरला आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण त्या संस्थेच्या जन्माला कारण झाली ती रस्त्यावरची कुत्री. ज्यांचा माणसाला काडीचा उपयोग नाही अशा जनावरांसाठी ती जागा होती, आणि तिचं खरं मोठेपण यातच आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सरकार कुत्री मारत होतं ते पिसाळण्याच्या भीतीनं. ती भीती खोटी नव्हती. रेबीज झाला की उपाय नव्हता, माणसालाही नाही आणि जनावरालाही नाही. लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये माणसाला पहिली रेबीजची लस दिली ती १८८५ साली. आपल्याकडे कसौलीला १९०० मध्ये आणि कुन्नूरला १९०७ मध्ये पाश्चर संस्था सुरू झाल्या. त्याआधी एका बाजूला मारणारे होते आणि दुसऱ्या बाजूला वाचवणारे, पण रोगाला थांबवणारं कुणाकडेच काही नव्हतं.

वऱ्हाडातल्या मांजरांची गणती

आता आपल्या भागाकडे येते, कारण मांजरांच्या इतिहासातलं एक वेगळंच पान वऱ्हाडात लिहिलं गेलं आहे.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडातही आला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आपला पुसदचा पट्टा तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळकडे आला आणि जुन्या वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. लोक गावं रिकामी करून शेतात झोपड्या घालून राहायचे. उंदीर मरून पडले की गाव सोडायचं, हे अनुभवानं माहीत होतं. उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून रोग पसरतो असं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनानं ते पक्कं झालं.

मग सरकारनं उंदीर मारायची मोहीम काढली. सापळे आले, विष आलं. आपल्या लोकांना ते पटेना. उंदीर मारायचे कसे, हा प्रश्न जैनांपुढे होता, तसा इतर कित्येक हिंदू घरांपुढेही होता.

त्या वेळी अमरावतीचे सिव्हिल सर्जन होते लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन. त्यांनी गावोगावी घरं आणि मांजरं यांची गणती करवली आणि मांडलं, की ज्या गावात मांजरं भरपूर तिथे प्लेगला थारा मिळत नाही. 'प्लेग रोखणारी मांजरं' अशा अर्थाचा त्यांचा लेख १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. विष आणि सापळे लोकांना नको असतील तर घरोघरी मांजरं ठेवावीत, असा त्यांचा विचार.

वरवर पाहता हा विचार आपल्या बाजूचा वाटतो. रस्त्यावरच्या मांजराला एकदम किंमत आली, कुणी हाकलणार नाही, उलट दूध घालतील. पण वर सांगितलेला फरक इथे लावून पाहा. मांजर आणायचं कशाला? उंदीर मारायला. म्हणजे कार्तिकेयानुप्रेक्षेत शस्त्रांशेजारी बसलेलं मांजर ते हेच. आपल्या हातातलं विष सुटलं आणि मांजराच्या तोंडी आलं, एवढाच बदल.

आणि मांजराचं काय? आज वैद्यकाला ठाऊक आहे की प्लेगचा उंदीर खाल्ला तर मांजरालाही प्लेग होतो, त्यातून ते मरू शकतं, आणि त्याच्याकडून माणसालाही लागण होऊ शकते. ज्याला पहारेकरी म्हणून उभं केलं त्याच्या तब्येतीची विचारपूस त्या हिशेबात नव्हती. बुकॅनन यांना मी दोष देत नाही. माणसं पटापट मरत होती आणि त्यांना ती वाचवायची होती. पण ज्या जीवाचा आपण फक्त उपयोग मोजतो, त्याच्या दुखण्याकडे आपलं लक्ष जात नाही. गोदामात मांजर हवं म्हणणारे आणि त्याच मांजराला खरूज झाली की पोत्यात घालून दूर सोडून येणारे आजही आहेत.

उंदरांचा प्रश्न आपल्या घरी आपण मांजरावाचूनही सोडवू शकतो. धान्य पत्र्याच्या कोठीत झाकून ठेवावं, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर रचावीत, बिळं सिमेंट आणि काचांनी बुजवावीत, रात्री ओट्यावर खरकटं राहू देऊ नये. अन्न मिळालं नाही की उंदीर आपसूक कमी होतात.

आसरा दिला, पण औषध?

पांजरपोळांनी लाखो जीव सांभाळले. तरी त्यांच्यात एक उणीव राहिली, आणि ती आपल्या घरातही राहते. आत घेतलेल्या जनावराला चारा-पाणी मिळायचं, कुणी त्याला मारत नसे, पण रोग ओळखणारं कुणी असेलच असं नव्हतं. आजारी आणि धडधाकट एकत्र, जागा कमी, नवं जनावर थेट जुन्यांत. अभयदान झालं, औषधदान मागे राहिलं.

हे जोडलं जायला एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडला. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावानं जनावरांचं रुग्णालय १८८३ मध्ये निघालं, आणि १८८६ मध्ये तिथेच मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. रुग्णालयाला बाईचं नाव आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आपल्या विदर्भात नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचं.

कायद्यातही एका बाईचा मोठा वाटा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं. त्यातूनच पुढे सरकारनं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा केला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं या कायद्यानं गुन्हा आहे. मांजरीची पिल्लं बाजारात नेऊन सोडणाऱ्या शेजाऱ्याला हे शांतपणे सांगायला हरकत नाही.

आता आपल्या दारातलं मांजर

खंबायतच्या त्या म्हाताऱ्याला जमलं ते आपल्यालाही जमलं पाहिजे. मी डॉक्टर नाही. पण पशुवैद्यांकडून ऐकलेलं आणि घरात उपयोगी पडणारं एवढं सांगते.

पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. आई बहुधा खायला गेलेली असते. लांबून काही तास पाहा. आई खरंच नसेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं दूध पचत नाही. गाईच्या दुधानं पिल्लांना जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती कोमट करून पोटावर झोपवूनच पाजावी. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं मागची बाजू हळुवार पुसावी, तेव्हाच पिल्लू लघवी-संडास करतं. हे काम आई चाटून करत असते.

नवं मांजर घरातल्या जुन्यांत लगेच मिसळू नये. दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. मांजरांचा सगळ्यात वाईट साथीचा रोग म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. उलट्या, जुलाब, ताप, खाणं बंद, आणि पिल्लं एक-दोन दिवसांतच दगावतात. याचा विषाणू फरशीवर, टोपलीत, कपड्यात महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाइलनं पुसून तो जात नाही. उलट फिनाइल मांजराला विषारी असतं, कारण ते फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. पाण्यात मिसळलेलं ब्लीच वापरावं आणि फरशी कोरडी झाल्यावरच मांजराला आत घ्यावं. या रोगाची आणि सर्दी-डोळ्यांच्या दोन विषाणूंची मिळून एक लस असते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांपर्यंत ती देतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. १८३२ साली मुंबईत जे कुणाकडेच नव्हतं, ते आज आपल्याला मिळतं.

घरातलं औषध मांजराला कधीही देऊ नका. ताप आहे म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन त्याला सोसत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्याही दूर ठेवा. बोका लघवीला बसून कण्हतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच कामं जास्त असतात, पण तपासणी आणि सल्ला तिथून सुरू करता येतो. ऑपरेशनसाठी यवतमाळ, नांदेड किंवा नागपूर गाठावं लागलं तरी गाठावं.

आता घरातल्या माणसांचं. मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं, मुलांना लागतं. सून गरोदर असेल तर मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा रोग होऊ शकतो, पण ती विष्ठा बाधक व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून मातीचं पात्र रोजच्या रोज दुसऱ्या कुणी तरी साफ करावं, आणि सुनेनं भाज्या नीट धुऊन हात साबणानं धुवावेत.

चौका लागतो त्या दिवशी मांजर बंद खोलीत असावं. मुनींच्या आहाराच्या वेळी पायांमधून पंचेंद्रिय जीव गेला तर अंतराय होतो, हे आपण जाणतोच. तेवढी काळजी घेतली की मांजर असलेल्या घरी आहार होऊ शकतो का, हे महाराजांना किंवा माताजींना आधी विचारून घ्यावं.

खाण्याचा अवघड प्रश्न

इथे गोड बोलून चालणार नाही. मांजर दूध-पोळीवर जगत नाही. काही दिवस तग धरतं, एवढंच. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की मांजराचे डोळे जातात, हे १९७५ मध्ये कळलं, आणि हृदय निकामी होतं, हे १९८७ मध्ये. दोन्ही संशोधनं अमेरिकेतली. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतही नाही.

प्रयोगशाळेत तयार केलेलं टॉरिन घातलेलं शाकाहारी तयार खाद्य बाजारात असतं. त्यावर पशुवैद्यांचं एकमत नाही, आणि द्यायचं झालं तर त्यांच्या देखरेखीखालीच द्यावं. आपल्या स्वयंपाकघरात मांस येणार नाही, आणि येऊही नये. मग जिला हे पेलत नाही तिनं मांजर कायमचं ठेवू नये. त्याला बरं करावं, लस द्यावी, आणि त्याला पुरेसं खायला घालू शकेल असं घर शोधावं. यात कमीपणा नाही. पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक 'अन्नपाननिरोध' आहे. आपल्या आश्रयाला असलेल्याचं अन्न रोखणं. मांजराला घरात कोंडून वर्षानुवर्षं दूध-पोळीवर अर्धपोटी ठेवणं या अतिचाराच्या फार जवळ जातं, असं मला वाटतं.

ऑपरेशन म्हणजे छेद?

त्याच पाच अतिचारांत 'छेद' आणि 'बंध' आहेत. म्हणून नसबंदीला आपल्याकडे संकोच वाटतो. प्रश्न खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही.

पण गणित पाहा. मांजर साधारण दोन महिन्यांत पिल्लं घालते, वर्षातून दोन-तीनदा घालू शकते, आणि तिची पिल्लं पाच-सहा महिन्यांत स्वतः आई होऊ शकतात. त्यातली किती जगतात, ते आपण गोदामामागे दरवर्षी पाहतो. आपल्या आचार्यांनी हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेफिकिरी आणि कषाय, मुख्य धरला आहे. फोड कापणाऱ्या वैद्याला कुणी हिंसक म्हणत नाही. भूल देऊन, जाणकार हातांनी, त्या जीवाच्याच भल्यासाठी केलेलं ऑपरेशन मी औषधदानात धरते. हे माझं मत झालं. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या गुरूंना विचारावं. पण शंकेच्या नावाखाली काहीच न करणं हाही प्रमादच आहे. पाच-सहा महिन्यांच्या वयात ऑपरेशन होतं. कानाचं टोक सरळ कापलेलं मांजर दिसलं, तर त्याचं ऑपरेशन झालेलं आहे असं समजावं. पुन्हा पकडून त्याला त्रास देऊ नये.

मोतीशा शेठांनी आणि जमशेटजींनी जे केलं ते एकट्यानं केलं नाही, व्यवहारावर लाग लावून सगळ्यांनी मिळून केलं. आपल्या महिला मंडळालाही ते जमेल. दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे पैसे बाजूला ठेवले, तर वर्षाकाठी गावातल्या काही मांजरींची ऑपरेशनं आणि लसी सहज होतील. यंदा पर्युषणात कुणी जीवदयेसाठी दान द्यायचं ठरवलं असेल, तर त्यातला एक वाटा औषधदानासाठी ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यात लसीची चौकशी मी करते आहे. ज्यांच्या गोदामात पिल्लं आहेत त्यांनी तोवर त्यांना हलवू नका, आणि मला कळवा.

जय जिनेंद्र.